लिथॉप्स, कोनोफायटम आणि बाकीची बारकी मंडळी: बियांपासून वाढवणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये बारक्या सक्युलंटचे, म्हणजे लिथॉप्ससारख्या अंगात पाणी साठवणाऱ्या बुटक्या झाडांचे, प्रश्न एवढे आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकलले. बऱ्याच पत्रांमध्ये एकच तक्रार फिरून फिरून आहे, उगवतात छान पण टिकत नाहीत. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई, लिथॉप्सच्या बिया पेरल्या, आठवड्याभरात ट्रे हिरवागार झाला. सगळीकडे वाचलं होतं की लिथॉप्सला पाणी म्हणजे विष, म्हणून उगवल्यावर पाणी अगदी तोडलं. महिन्याभरात अर्ध्याहून जास्त रोपं गायब! कुजलेलं काहीच दिसत नाही, नुसती नाहीतच. असं कसं?

उत्तर: वाळली हो ती. एवढंसं रोप वाळलं की मागे काही उरतच नाही त्यामुळे दिसणार काय! तुम्ही जे वाचलंत ते चूक नाहीये पण ते मोठ्या झाडाबद्दल आहे. मोठं लिथॉप्स दोन जाड पानांत महिनोन्‌महिन्यांचं पाणी साठवून बसलेलं असतं, वर जमिनीत खोल मूळ. आत्ता उगवलेलं रोप एक-दोन मिलिमीटरचं, त्याच्या पोटात साठा किती असणार आणि मूळ म्हणाल तर केसाएवढं, तेही वरच्या थरातच, वरचा थर सुकला की संपलंच.

ही झाडं मूळची दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या भागातली. तिथे त्यांची बोंडं कोरडी असताना घट्ट मिटलेली असतात आणि पाणी पडलं की काही मिनिटांत उघडतात, पावसाच्या थेंबाच्या माऱ्याने बिया बाहेर उडतात, परत सुकलं की बोंड परत बंद. म्हणजे बी जमिनीवर पडतं तेच मुळी ओल असताना. पुढे काही दिवस ओल राहील या भरवशावरच ते उगवतं, तुमच्या ट्रेमध्येही त्याची तीच अपेक्षा असणार ना.

तर आता काय करायचं. बी मिक्सवर, म्हणजे कुंडीत भरलेल्या मिश्रणावर, नुसतं भुरभुरवायचं, पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. पाणी वरून ओतायचं नाही, ट्रे पाण्यात ठेवून खालून प्यायला द्यायचं. झाकण किंवा पारदर्शक पिशवी दोन ते तीन आठवडे, दिवसा वीस-पंचवीस आणि रात्री पंधरा अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर चार ते चौदा दिवसांत बहुतेक उगवतं. मग झाकण एकदम काढू नका, आधी फट, मग अर्धं, मग पूर्ण, असं आठवडाभर घ्या. त्यानंतरचे दोन-तीन महिने वरचा थर कधीच खडखडीत सुकू द्यायचा नाही. ओला म्हणजे चिखल नव्हे हं, हात लावला की गार लागला पाहिजे एवढंच. पहिली पानं बदलली, म्हणजे जुनी जोडी सुकून मधून नवीन आली, की दोन पाण्यांमध्ये वरचा थर सुकू द्यायला लागा आणि साधारण वर्षाचं झालं की मग तुमचा तो "पाणी म्हणजे विष" वाला नियम. लहानपणी पान बदलत असतानाही पाणी पूर्ण तोडू नका, फक्त कमी करा, मोठ्यांना मात्र त्या वेळी अजिबात नाही.

उजेडाचं पण तसंच. मोठ्याला कडक ऊन चालतं म्हणून पिल्लांना उन्हात ठेवलं की ती तांबडी-जांभळी होऊन बसतात आणि वाढत नाहीत. आणि घाबरून अंधारात ठेवलं तर मान लांब करून आडवी पडतात. आडवी पडलेली असतील तर चमच्याच्या टोकाने बारीक कोरडी वाळू मानेभोवती सरकवून आधार द्या, बऱ्याच वेळा सावरतात. एलईडीखाली वाढवत असाल तर दिवसाला बारा-चौदा तास पुरे.

प्रश्न: मी झाकण ठेवते, ओलं ठेवते, सगळं करते पण दर वेळी दहा दिवसांत पांढरी बुरशी येते आणि रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. कोणतं औषध मारू?

उत्तर: औषधाच्या आधी मिक्सकडे बघा. तुम्ही लिहिलंय की कोकोपीट आणि कंपोस्ट अर्धं अर्धं. बुरशी मग येणारच, तिचं जेवणच वाढून ठेवलंय तुम्ही. या झाडांना सत्तर-ऐंशी टक्के दगडी माल लागतो, प्युमिस किंवा परलाइट (दोन्ही हलके सच्छिद्र खडे), जाडी वाळू (समुद्राची नको, मीठ असतं), ग्रॅनाइटची चुरी, यातलं जे मिळेल ते, आणि उरलेलं थोडंसं चाळलेलं कोकोपीट. बारीक धूळ चाळून टाकून द्यायची कारण तीच नंतर घट्ट बसते. वरती दोन-तीन मिलिमीटरचा बारीक खडीचा थर द्या, बी त्या खड्यांच्या फटीत पडतं, तिथे ओल पण असते आणि शेवाळ पण कमी धरतं.

मिक्स भरायच्या आधी उकळतं पाणी ओतून किंवा ओलं करून मायक्रोवेव्हमध्ये वाफवून गार करून घ्या. कुंड्या, झाकणं, लेबलं, सगळं धुवून. पाणीसुद्धा उकळून गार केलेलं वापरा, निदान झाकण असेपर्यंत. आणि बियांबरोबर बोंडाचा कचरा ट्रेमध्ये गेला असेल तर बुरशी बहुतेक वेळा त्या कचऱ्यावरच पहिल्यांदा धरते, तो चिमट्याने वेचून काढा.

एवढं करूनही कुठे ठिपका दिसला तर तेवढा भाग चमच्याने खणून फेका, झाकण उघडा, हवा खेळू द्या, आणि मग हवं तर तांब्याचं बुरशीनाशक पातळ करून द्या. छोट्या काळ्या माश्या ट्रेवर उडताना दिसतात का हेही बघा. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात आणि आपण मात्र बुरशीला शिव्या घालत बसतो! पिवळे चिकट कागद लावा, पाण्यातून बीटीआय (अळ्या मारणारा जिवाणू) द्या.

प्रश्न: ऑनलाइन निळ्या आणि गुलाबी लिथॉप्सच्या बिया घेतल्या. उगवलेली सगळी रोपं हिरवी गुळगुळीत, एकसारखी. फसलो का?

उत्तर: निळ्याच्या बाबतीत हो, फसलात. निळं लिथॉप्स नसतंच, तो फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेला. करडे, तपकिरी, विटकरी, हिरवे, पिवळसर, थोडे गुलाबी-जांभळट, एवढ्यातच सगळं काय ते.

पण रोपं एकसारखी हिरवी आहेत यावरून मात्र काहीच ठरवू नका. पहिली जोडी ही बीजपत्रांची असते, तिच्यावर नक्षी नसतेच, कुठलीही जात घ्या अशीच गोल गुळगुळीत दिसते. खरी पानं आली की मग रंग आणि रेषा यायला लागतात. म्हणून वर्षभर टाकून देऊ नका, निळं नाही निघालं तरी काहीतरी छान निघेल, तेवढं तरी वसूल होईल. खरोखर वेगळा रंग हवा असेल तर ऑप्टिका जातीच्या लिथॉप्सचा 'रुब्रा' शोधा, माणकासारखा लाल, दोन्ही आईबाप रुब्रा असतील तर पिल्लंही लालच निघतात. फक्त वाढतो अगदी हळू आणि नाजूकही आहे, पहिल्याच वर्षी त्याच्या नादी लागू नका. सुरुवातीला लेस्लाय किंवा ऑकॅम्पिए या जाती घ्या, ते नवख्याचे बरेच अत्याचार सहन करतात.

प्रश्न: लिथॉप्स जमलं म्हणून त्याच ट्रेमध्ये, त्याच पद्धतीने, ऐन उन्हाळ्यात कोनोफायटम (लिथॉप्सच्याच कुळातलं) पेरलं. दोन महिने झाले, एकही नाही. बिया जुन्या असतील का?

उत्तर: बिया बिचाऱ्या ठीक असतील, तुमचा महिना चुकलाय. कोनोफायटम बहुतेक करून हिवाळी पावसाच्या पट्ट्यातलं, दक्षिण आफ्रिकेतला नामाक्वालँड, रिश्टर्सवेल्ड वगैरे भाग. तिथे उन्हाळा म्हणजे कडक कोरडा, मोठी झाडंसुद्धा जुन्या पानांच्या कागदी सालीत स्वतःला गुंडाळून झोपून जातात. अशा उन्हाळ्यात बी कशाला उगवेल, उगवलं तर मरेल हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

ट्रे फेकू नका. सुकू द्या, सावलीत ठेवून द्या आणि रात्री गार व्हायला लागल्या की परत भिजवा. दिवसा वीसच्या आसपास, रात्री दहा-पंधरा अंश, असं मिळालं की एक-दोन आठवड्यांत हालचाल दिसेल. थंडीच्या सुरुवातीला पेरण्याचा मोठा फायदा म्हणजे पुढचा उन्हाळा यायच्या आत रोपाला वाढायला सगळा गार मोसम मिळतो. त्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र त्यांना मोठ्यांसारखं पूर्ण कोरडं ठेवू नका, सावली आणि अधूनमधून खालून थोडंसं पाणी. आणि आता शेवटचं, लिथॉप्स नि कोनोफायटम एका ट्रेमध्ये नको, दोघांचं घड्याळ वेगळं आहे, एकाला सांभाळायला गेलात की दुसरं जातं.

प्रश्न: माझ्या लिथॉप्सला दर वर्षी फूल येतं पण बोंड काही धरत नाही. एकच झाड आहे, पण फुलं भरपूर येतात.

उत्तर: एकच झाड आहे हेच कारण. लिथॉप्स स्वतःच्या परागाने बहुतेक करून फळत नाही, आणि एकाच झाडाची कितीही फुलं असली तरी ती एकच झाड. वेगळ्या बियांपासून आलेली, त्याच जातीची दोन झाडं एका वेळी फुलायला हवीत. फुलं दुपारी उघडतात, तेव्हा मऊ ब्रशने एकाचा पराग दुसऱ्यावर, परत उलट, सलग दोन-तीन दुपारी. मधमाश्या येत असतील तर फुलांवर जाळी घाला, नाहीतर शेजारच्या दुसऱ्याच जातीचा पराग येऊन बसेल आणि पुढे काय निघालं ते कोणालाच सांगता येणार नाही.

बोंड पिकायला चांगले आठ-नऊ महिने लागतात, घाई नको. पूर्ण वाळलं की तोडा, चमचाभर पाण्यात टाका आणि बघत बसा, डोळ्यांदेखत उघडतं. (मुलांना दाखवा, भारी मजा येते.) ब्रशने बिया पाण्यात झटका, गाळणीच्या कागदावर काढून सावलीत नीट वाळवा. पाणी नको असेल तर कोरडंच कुस्करून बारीक चाळणीतून चाळा. ताज्या बिया काही महिने पडू दिल्या तर उलट जास्त चांगल्या उगवतात, आणि थंड कोरड्या जागी कागदी पाकिटात वर्षानुवर्षं टिकतात.

प्रश्न: हावर्थियाच्या (कोरफडीच्या नात्यातलं बारकं सक्युलंट) बिया पण अशाच साठवता येतील ना? त्यातल्या ट्रंकाटा जातीच्या दोन वर्षांपूर्वीच्या बिया पेरणार आहे.

उत्तर: पेरून बघा पण फार आशा ठेवू नका. हावर्थियाच्या बिया ताज्याच पेरायच्या, सहा महिने ते वर्षाच्या आत, नंतर उगवण झपाट्याने पडते. पुढच्या वेळी स्वतःच धरा ना. फूल एवढं अरुंद की ब्रश आत जातच नाही, लोक नायलॉनचा बारीक केस किंवा मासेमारीचा पातळ दोरा वापरतात, काही जण वरच्या पाकळ्या सोलून आत वाट करतात. इथेही दोन वेगळी झाडं लागतात. बोंड फुगलं की त्यावर स्ट्रॉचा छोटा तुकडा चढवून ठेवा कारण पिकल्यावर ते वरून फाटतं आणि आपण घरात नसताना बिया सांडतात, हा अलिखित नियमच आहे.

प्रश्न: आता माझ्याकडे बरीच रोपं तयार झालीत, कलेक्टर लोकांना द्यायची इच्छा आहे. ते पहिल्यांदा नाव आणि नंबर विचारतात. नंबर म्हणजे काय? झाड चांगलं असलं की झालं ना?

उत्तर: नाही झालं. कलेक्टरला झाड हवं असतंच पण झाडाचा पत्ता जास्त हवा असतो. लिथॉप्सच्या बाबतीत सी आणि पुढे आकडा असे जे नंबर दिसतात ते डेसमंड कोल आणि त्यांची पत्नी नॉरीन यांचे. कोल हे पेशाने भाषांचे प्राध्यापक, पण दोघांनी वर्षानुवर्षं हिंडून रानातल्या एकेका ठिकाणच्या लिथॉप्सना नंबर दिले. म्हणजे सी ०३६ए म्हटलं की लेस्लायचा तो पिवळट हिरवा, पांढऱ्या फुलाचा 'अल्बिनिका', हे जगभरात कोणालाही कळतं. आता हाच अल्बिनिका शेजारच्या साध्या लेस्लायबरोबर फळला तर पिल्लं बहुतेक साधी तपकिरी निघतील, आणि त्यांना तुम्ही सी ०३६ए म्हणून दिलंत तर ते खोटंच झालं, मुद्दाम केलं नसेल तरीही.

म्हणून दोन्ही आईबाप त्याच नंबरचे असतील आणि पराग तुम्ही हाताने, झाकून दिला असेल तरच नंबर पुढे न्या. नाहीतर सरळ लिहा "उघड्यावर फळलेलं" किंवा आधी आईचं नाव, गुणिले, मग बापाचं नाव. यात कमीपणा काही नाही, उलट असं लिहिणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात. नाव आठवत नाही म्हणून अंदाजाने चिकटवणारी माणसं मात्र मला खरंच खटकतात, एक चुकीचं लेबल दहा घरांत जातं आणि मग त्याच्या बिया अजून पन्नास घरांत.

लेबलावर पेरणीची तारीख, बी कुठून आलं ते आणि नंबर, एवढं पाहिजेच. आणि कृपा करून शिसपेन्सिलने लिहा. पर्मनंट मार्कर नावालाच पर्मनंट, उन्हात वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो, प्लास्टिकवरची पेन्सिल टिकते. एक लेबल मातीत गाडून ठेवा, दुसरं वर, आणि वहीत नोंद वेगळी.

प्रश्न: बियांपासून वाढवायला फार वर्षं लागतात. एका विक्रेत्याकडे कोनोफायटमचे मोठाले जुने झुपके मिळतायत, दुर्मिळ जातीचे. घ्यावेत का?

उत्तर: नको. दक्षिण आफ्रिकेत साधारण २०१९ पासून कोनोफायटमची चोरी एवढी वाढलीय की तिथल्या यंत्रणांनी रानातून उपटलेली लाखो झाडं पकडली आहेत. यातल्या काही जाती एखाद्या टेकडीच्या उतारावर, एखाद्या क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) पट्ट्यावर, तेवढ्याच. तिथून पोतं भरलं की ती जात तिथली संपली. आणि हे उपटलेले झुपके नवीन जागी बऱ्याच वेळा रुजतही नाहीत, म्हणजे घेणाऱ्याचंही नुकसानच.

ओळखायचं कसं, तर रानातल्या झाडावर उन्हावाऱ्याचे व्रण असतात, बुडाशी जुन्या वाळक्या सालींचे थरच्या थर, मुळं जाड आणि तुटलेली, आणि विक्रेत्याकडे सगळे झुपके वेगवेगळ्या आकाराचे पण सगळेच म्हातारे. बियांची रोपं स्वच्छ, साधारण एका वयाची, एका मापाची दिसतात. विचारा की कधी पेरलं होतं. ज्याने स्वतः पेरलंय तो तारखेसकट, न विचारलेलंही सांगत बसतो.

वर्षं लागतात हे खरंच आहे, लिथॉप्सला पहिल्या फुलाला तीन ते पाच वर्षं धरा. पण दर वर्षी थोडं थोडं पेरत गेलात तर तीन वर्षांनी दर वर्षी काही ना काही फुलत असतं, मग वाट बघणं जाणवत नाही.

प्रश्न: ब्लॉसफेल्डियाच्या बिया मिळाल्यात. धूळ आहे नुसती! पेरायचं कसं, आणि कलम करावं का?

उत्तर: अरे वा, थेट सगळ्यात बारक्या निवडुंगालाच हात घातलास! मोठा होऊन सेंटिमीटरभर. बिया कोरड्या बारीक वाळूत मिसळ, कागदाची घडी करून टकटक करत सांड, शिंकू नकोस. मिक्स पूर्ण निर्जंतुक करून डबा हवाबंद, आणि तो लवकर उघडायचा मोह टाळायचा, या धुळीसारख्या बियांच्या निवडुंगांना (अझ्टेकियम, स्ट्रोंबोकॅक्टस पण त्यातलेच) कित्येक महिने, कधीकधी वर्षभर बंदच ठेवतात. रोपं इतकी हळू वाढतात की शेवाळच त्यांना गिळून टाकतं, खरी लढाई बुरशीपेक्षा शेवाळाशी आहे, म्हणून उजेड मंद ठेव.

कलमाचं म्हणशील तर पेरेस्किओप्सिसवर (हा भराभर वाढणारा निवडुंग) रोप बसवलं की वाढ पळायला लागते, पण ते फुगतं, आकार बदलतो, आणि कलेक्टरला स्वतःच्या मुळांवरचं, घट्ट बसकं झाडच आवडतं. मी म्हणेन अर्धी रोपं कलमावर टाक, बियांसाठी आणि विमा म्हणून, अर्धी तशीच वाढव.

प्रश्न: युफोर्बिया ओबेसाचं (चेंडूसारखं गोल सक्युलंट) एक झाड आहे, बी धरायचंय. नर की मादी कसं कळणार?

उत्तर: फुलं आल्याशिवाय नाही कळत. भिंग घेऊन बघा, पिवळी पराग-भुकटी दिसली तर नर, मधोमध तीन टोकांची कुक्षी दिसली तर मादी. दोन्ही झाडं वेगवेगळी लागतात, म्हणून एकावर अडून न राहता पाच-सहा बिया पेरा, त्यात दोन्ही निघण्याची शक्यता चांगली. १९०३ मध्ये या झाडाचं पहिल्यांदा वर्णन छापून आलं आणि मग लोकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या कारू भागातून इतकी उपटून नेली की रानात दिसेनासं झालं, आज घरोघरी जे आहे ते बियांवरच वाढलेलं आहे. पराग दिल्यावर बोंडं हिरवी फुगली की लगेच मादीवर जाळीची पिशवी बांधा. पिकली की ती टप्पकन फुटतात आणि बिया पार दुसऱ्या कुंड्यांत जाऊन पडतात, मग हावर्थियाच्या ट्रेमध्ये ओबेसा उगवला म्हणून पुन्हा मलाच पत्र लिहाल.